उंबरठ्याच्या आतले उपचार

गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या किशोरवयीन मुलांसाठी थेरपिस्ट घरी येऊन संपूर्ण कुटुंबासोबत काम करतात, अशा उपचारपद्धतींची ओळख आम्ही मागील अंकात थोडक्यात करून दिली होती. त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. चोरीच्या प्रकरणात तो दोनदा पकडला गेला. न्यायालयाने त्याला सुधारगृहात न पाठवता काही महिने थेरपिस्ट आमच्या घरी येतील, असे सांगितले आहे. चूक त्याने केली आणि झाडाझडती मात्र आमची होणार, असे मला वाटते. त्याला एकट्यालाच समुपदेशकाकडे पाठवले तर चालणार नाही का? – एक आई

उत्तर : तुमच्या मनातला सल रास्त आहे, आणि ‘तसे काही नसते’ एवढे म्हणून तो निघणार नाही. या पद्धतीत घराकडे खरोखरच बारकाईने पाहिले जाते. मात्र तेथे दोष कोणाचा याचा निवाडा करायचा नसतो. मुलाचे हे वागणे कशाच्या आधारावर टिकून आहे, एवढेच शोधायचे असते.

एक रोजचा प्रसंग पाहा. आई म्हणते, ‘फोन ठेव आणि अभ्यासाला बस.’ मुलगा ऐकून न ऐकल्यासारखे करतो. आई पुन्हा सांगते, या वेळी आवाज चढवून. मुलगा उलट बोलतो, एखादी शिवी हासडतो आणि दार आपटून खोलीत जातो. दिवसभराच्या कामाने थकलेली आई म्हणते, ‘कर काय करायचे ते.’ घर शांत होते. या दोन मिनिटांत दोघेही काहीतरी शिकलेले असतात. दार आपटले की आई माघार घेते, हे मुलाला कळते. माघार घेतली की निदान शांतता मिळते, हे आईला कळते. अमेरिकेतील ओरेगॉन येथील मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी अशा देवाणघेवाणीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि घरात फिरणारे हे जबरदस्तीचे चक्र मुलाच्या आक्रमक वागण्याला कसे खतपाणी घालते, ते दाखवून दिले. या चक्रात कोणीही वाईट नाही. दोघेही त्या क्षणापुरता सोपा मार्ग निवडत असतात, आणि तीच तर खरी अडचण आहे.

आता हाच मुलगा आठवड्यातून एक तास समुपदेशकासमोर बसला, तर तो तेथे समंजसपणे बोलेल, कदाचित रडेलही. पण तास संपल्यावर तो परत येणार त्याच घरात, त्याच दारापाशी, त्याच मित्रांमध्ये. मुलाची वाढ एकात एक असलेल्या अनेक वर्तुळांत होत असते, घर, शाळा, मित्र, वस्ती, इतकेच काय पण आईवडिलांच्या नोकरीच्या वेळाही त्यावर परिणाम करतात, असा विचार युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ साली सविस्तर मांडला. त्याच सुमारास स्कॉट हेंगलर आणि त्यांचे सहकारी ज्या पद्धतीची जुळवाजुळव करत होते, ती पुढे या विचाराच्या पायावर उभी राहिली आणि मल्टिसिस्टेमिक थेरपी, म्हणजेच एमएसटी, या नावाने ओळखली जाऊ लागली. घरी येऊन करायच्या उपचारांमध्ये तिचाच सर्वाधिक अभ्यास झाला आहे.

तुम्ही विचारलेली तुलनाही प्रत्यक्ष करून पाहण्यात आली आहे. मिझुरी राज्यात चार्ल्स बोर्डुइन व सहकाऱ्यांनी १७६ मुलामुलींची दोन गटांत विभागणी केली. एका गटातील मुलांना एमएसटी मिळाली, दुसऱ्या गटातील मुलांना एकट्याने समुपदेशन मिळाले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चार वर्षांनंतर पहिल्या गटातील सुमारे २६ टक्के मुले पुन्हा पकडली गेली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७१ टक्के होते. म्हणून थेरपिस्टना घरात येऊ द्या, आणि पहिल्याच भेटीत तुमच्या मनातली ही शंका त्यांना स्पष्टपणे बोलून दाखवा. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, तर माणूस चांगला भेटला असे समजा.

प्रश्न : थेरपिस्ट घरी येऊन नेमके करतात काय? आठवड्यातून एकदा कोणी येऊन गप्पा मारल्याने उनाड पोरगा सुधारेल, यावर माझा विश्वास बसत नाही. – एक निवृत्त वाचक

उत्तर : आठवड्यातून एकदा येऊन गप्पा मारल्या तर माझाही बसणार नाही. या पद्धतीत एका थेरपिस्टकडे एका वेळी साधारण चार ते सहाच कुटुंबे असतात. काम तीन ते पाच महिने चालते. गरज असेल तेव्हा आठवड्यातून अनेकदा भेटी होतात, त्याही संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी, म्हणजे पालक घरी असतील तेव्हा. दोन ते चार थेरपिस्ट आणि त्यांच्या पर्यवेक्षक अशी तुकडी असते, आणि तिच्यापैकी कोणीतरी दिवसरात्र फोनवर उपलब्ध असते.

प्रत्यक्ष काम समजावे म्हणून एक काल्पनिक घर घेऊ. सोळा वर्षांचा मुलगा, आई, सावत्र वडील आणि धाकटी बहीण. थेरपिस्ट एका कोऱ्या कागदाच्या मध्यभागी गोल काढतात आणि त्यात लिहितात, ‘शुक्रवारी रात्री मध्यरात्रीनंतर घरी येणे.’ ‘बिघडलेला’ किंवा ‘हट्टी’ असे शब्द त्या गोलात चालत नाहीत. किती वाजता, कोणासोबत, आठवड्यातून किती वेळा, असे मोजता येईल तेच तेथे लिहायचे. मग घरातील प्रत्येकाला विचारत त्या गोलाभोवती बाण काढले जातात. आईची शुक्रवारी रात्रपाळी असते. वडिलांना वाटते, ‘मी सावत्र, मी बोललो तर वाद होईल,’ म्हणून ते गप्प राहतात. शाळेत तो दोन विषयांत मागे पडला आहे आणि शनिवारी सकाळी उठावे असे त्याच्याजवळ काहीच नाही. ज्या दोन मोठ्या मुलांबरोबर तो फिरतो, त्यांची नावेसुद्धा आईला ठाऊक नाहीत. बहीण मध्येच सांगून टाकते की, पैसे तो आईच्या पर्समधून घेतो. एवढ्यानेच खोलीतले वातावरण तापते, आणि त्या दिवशीचे अर्धे काम मग तो ताप उतरवण्यातच जाते.

पुढच्या भेटीत यातला सगळ्यात पक्का बाण कोणता, आणि कोणता हलवता येईल, हे ठरते. समजा, मित्रांचा धरला. थेरपिस्ट त्या मुलांच्या घरी स्वतः फोन करत नाहीत. फोन आई करते. थेरपिस्ट शेजारी बसतात. आधी दोघी सराव करतात, थेरपिस्ट त्या दुसऱ्या आईची भूमिका घेतात, फटकून बोलतात, फोन ठेवून देतात, आणि आई पुन्हा वाक्य जुळवते. हा सराव पाहायला मला फार आवडते, कारण तिसऱ्या-चौथ्या खेपेला आईचा आवाज बदललेला असतो. वडील शुक्रवारी घरी असतात, तर दार उघडण्याचे आणि वेळ टिपून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे येते. नियम कागदावर येतात : अकरा वाजता घरात. पाळला तर शनिवारी फोन आणि ठरलेले पैसे. मोडला तर दोन्ही नाहीत, आणि त्यावर चर्चाही नाही. शिक्षा लहान असावी, पण प्रत्येक वेळी मिळावी, हे पालकांना पटायला वेळ लागतो. बहुतेक घरांत चार दिवस काहीच होत नाही आणि पाचव्या दिवशी महिन्याभराची बंदी लागते, जी तिसऱ्या दिवशी बारगळते.

पहिल्या शुक्रवारी मुलगा साडेबाराला येतो. त्या वेळी वडिलांनी काय करायचे? थेरपिस्टना फोन करायचा. दिवसरात्र उपलब्ध राहण्याचा अर्थ हाच आहे. सोमवारच्या भेटीपर्यंत सगळ्यांनी आपापली बाजू रचलेली असते. शिकण्याची खरी वेळ शुक्रवारी रात्री साडेबाराची असते. दर आठवड्याला थेरपिस्ट आपल्या पर्यवेक्षकांसमोर बसून काय ठरले होते आणि काय झाले, हे मांडतात. योजना फसली, तर ‘कुटुंब सहकार्य करत नाही’ असे लिहून मोकळे होण्याची मुभा त्यांना नसते. योजनेत काय चुकले, हे त्यांनाच शोधावे लागते. शिवाय थेरपिस्टनी ठरल्याप्रमाणे काम केले की नाही, याविषयी पालकांना अधूनमधून प्रश्नावलीद्वारे स्वतंत्रपणे विचारले जाते. इतर किती व्यवसायांत असे घडते, असा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो.

प्रश्न : माझ्या दुकानाचे कुलूप दोन मुलांनी तोडले. त्यांच्यापैकी एकाला म्हणे ‘घरी उपचार’ मिळत आहेत. ही शिक्षा झाली की बक्षीस? – एक दुकानदार

उत्तर : आपला संताप योग्य आहे. आपल्या नुकसानीचा विचार न करता केवळ मुलाच्या भल्याविषयी बोलणारे लोक या क्षेत्रात आहेत, हेही मान्य करते. परंतु सुधारगृहातून सुटलेला मुलगा कधीतरी आपल्याच वस्तीत परत येणार आहे. तेव्हा तो कसा असेल, याच्याशी आपला सर्वाधिक संबंध आहे. साउथ कॅरोलायनामध्ये संस्थेत पाठवले जाण्याच्या बेतात असलेल्या ८४ गंभीर गुन्हेगार मुलांवर झालेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. साधारण ५९ आठवड्यांनंतर एमएसटी मिळालेल्या मुलांच्या अटकांची संख्या नेहमीची व्यवस्था लाभलेल्या मुलांच्या तुलनेत जवळजवळ निम्मी होती, आणि त्यांचे बंदिवासातले आठवडेही बरेच कमी होते.

घरचे उपचार चालू असताना न्यायालयाच्या अटी सुटत नाहीत. भरपाईचा आदेश असेल, तर ती रक्कम मुलाने स्वतः काम करून कशी फेडायची, हे त्याच कागदावर येऊ शकते. आणि जो मुलगा आज, या क्षणी, दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, त्याला आधी सुरक्षित जागी ठेवावेच लागते. घरच्या उपचारांचा आग्रह तेथे मीही धरणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत अशी सात-आठ मुले आहेत. प्रत्येकाच्या घरी कोण जाणार? त्यांना दर शनिवारी एकत्र बसवून मार्गदर्शन करण्याचा आमचा विचार आहे. – एक शिक्षक

उत्तर : कृपया थांबा. हेतू चांगला असला, तरी हा बेत उलटण्याची शक्यता खरी आहे. थॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलॉं यांनी १९९९ साली एका लेखात याच धोक्याकडे लक्ष वेधले. एकत्र आणलेली मुले एकमेकांना नियम मोडण्याच्या गोष्टी सांगतात, त्यावर हशा पिकतो, आणि तो हशा हीच दाद ठरते. मार्गदर्शकाच्या शब्दांपेक्षा ती कितीतरी प्रभावी असते. मॅककॉर्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका जुन्या प्रकल्पाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. त्यात ज्या मुलांना वारंवार उन्हाळी शिबिरांना पाठवले गेले, त्यांची पुढील आयुष्यात मदत न मिळालेल्या मुलांपेक्षाही अधिक हानी झाल्याचे दिसले.

एमएसटीमध्ये बदल कशामुळे होतो, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांतही घरातील नाती सुधारणे आणि गुन्ह्यात रमलेल्या मित्रांची संगत सुटणे हे दोन धागे पुढे आले. तेव्हा ही सात-आठ मुले एकमेकांपासून अलग करा : एकाला खेळाच्या संघात, एकाला प्रयोगशाळेच्या मदतीला, एकाला ग्रंथालयात. आणि पालकांना फक्त तक्रारीसाठी फोन करू नका. मुलगा वेळेवर आला, एवढे कळवण्यासाठी केलेला फोन पुढच्या दहा तक्रारींना दार उघडून देतो.

प्रश्न : नातू माझ्याकडेच असतो. त्याचे आईवडील संपर्कात नाहीत. मग हे ‘कुटुंब’ धरले जाईल का? – एक आजी

उत्तर : निश्चितच. जो माणूस मुलाला सांभाळतो आणि पुढेही सांभाळणार आहे, तोच येथे पालक. आपल्या वयाचा विचार करता रात्रीच्या पहाऱ्यासाठी एखादा भाऊ, भाचा किंवा विश्वासू शेजारी जोडीला आणणे, हे थेरपिस्टचे पहिले काम असेल. ज्याला सांभाळणारे कायमचे कोणीच नाही अशा मुलासाठी मात्र ही पद्धत नाही. तसेच मूल आत्महत्येच्या टोकावर असेल किंवा भ्रम, भास अशा तीव्र मानसिक आजारात असेल, तर त्यावरील उपचार आधी व्हावे लागतात.

प्रश्न : समाजकार्याच्या अभ्यासक्रमात एमएसटी ‘सिद्ध झालेली पद्धत’ म्हणून शिकवली जाते. हे कितपत खरे आहे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे पाठ्यपुस्तकांत लहान अक्षरांत असते.

अनुकूल बाजू आधी. मिझुरीतील त्याच मुलांचा पाठपुरावा पुढेही होत राहिला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, सरासरी १३.७ वर्षांनंतर एमएसटी गटातील ५० टक्के आणि वैयक्तिक समुपदेशनाच्या गटातील ८१ टक्के पुन्हा अटक झालेले होते. फरक मोठा आहे, आणि इतका काळ टिकणारा फरक या क्षेत्रात दुर्मीळ आहे. तरीही निम्मे पुन्हा पकडले गेले, हे वाक्य वगळून हा अभ्यास सांगू नये.

दुसरी बाजू अशी की, हे यश सर्वत्र उतरले नाही. नॉर्वेत निष्कर्ष अनुकूल आले. शेजारच्या स्वीडनमध्ये १५६ मुलांच्या अभ्यासात नेहमीच्या सेवांपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. कॅनडातील ऑन्टारिओतही तसेच झाले. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांचा मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अठरा महिन्यांनी घराबाहेर ठेवावे लागलेल्या मुलांचे प्रमाण एमएसटी गटात १३ टक्के आणि नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात ११ टक्के होते, म्हणजे अर्थपूर्ण फरक नव्हता. ज्युलिया लिटेल यांनी २००५ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन आधीच सावध केले होते. २०२१ च्या विस्तारित आढाव्यात २३ अभ्यास होते, आणि मुलांना घराबाहेर पाठवणे व अटक या दोन्ही बाबतींत फायदा अमेरिकेत दिसतो, इतर देशांत दिसत नाही, असे त्यात आढळले.

याचे एक कारण तुलनेत आहे. ‘नेहमीची सेवा’ म्हणजे जेथे बंदिवास किंवा जुजबी देखरेख, तेथे घरी जाणारा कोणीही उजवा ठरतो. जेथे सामाजिक सेवा मुळातच भक्कम, तेथे तोच उपचार इतरांच्या बरोबरीचा दिसतो. दुसरे कारण पद्धतीच्या काटेकोरपणाचे. मूळ संशोधकांच्या देखरेखीत चार-पाच कुटुंबे सांभाळणाऱ्या थेरपिस्टकडे दहा कुटुंबे सोपवली, साप्ताहिक पर्यवेक्षण बंद केले आणि रात्रीचा फोन काढून घेतला, तर उरते ते केवळ नाव. तिसरी गोष्ट अशी की, पद्धत घडवणाऱ्यांनीच तिची परीक्षा घेतलेल्या अभ्यासांकडे जरा अधिक डोळसपणे पाहावे लागते. माझे मत विचाराल, तर मी ही पद्धत अजूनही सुचवते, पण तुलना कशाशी आहे, हे आधी विचारते.

याच घराण्यातील दुसऱ्या पद्धतीचाही अभ्यास करा. जेम्स अलेक्झांडर यांनी युटा विद्यापीठात १९७० च्या दशकात विकसित केलेली फंक्शनल फॅमिली थेरपी बऱ्याच कमी बैठकांत, साधारण बारा-चौदांत, आटोपते. तिचा सुरुवातीचा सारा भर घरातील परस्परांवरचा दोषारोप आणि निराशा कमी करण्यावर असतो. नियम, वेळा, बक्षिसे हे सगळे त्यानंतर.

प्रश्न : आमच्याकडे चौथा महिना चालू आहे. मुलगा शाळेत जातो, घरी वेळेवर येतो. पुढच्या महिन्यात थेरपिस्ट येणे थांबवणार. मला धास्ती वाटते. त्यांना थांबवून ठेवता येईल का? – एक वडील

उत्तर : येणार नाही, आणि त्यांनी थांबू नये, असेच मी म्हणेन. आठवून पाहा : पहिल्या महिन्यात शाळेत कोण बोलले, फोन कोणी केले, नियम कोणी लिहिले? थेरपिस्ट काटेकोर असतील, तर यातले बहुतेक तुम्हीच केले असेल आणि त्या शेजारी बसल्या असतील.

शेवटच्या भेटींत एक काम मात्र आग्रहाने करून घ्या. मुलगा पुन्हा घसरला, तर त्याची पहिली खूण कोणती असेल? पोलिसांचा फोन ही पहिली खूण नव्हे. तो फार उशिरा येतो. तुमच्या घरात ती कदाचित शाळेला सलग दोन दिवस दांडी असेल, किंवा फोनवर एखादे जुने नाव परत दिसणे असेल. ती खूण कागदावर लिहा. त्याखाली लिहा, ती दिसली तर त्याच दिवशी कोण काय करणार : शाळेत कोण जाणार, त्या मुलाच्या घरी फोन कोण करणार, रात्री घरी कोण थांबणार. कागद लिहिताना मुलालाही बसवा. तो बहुधा हसेल आणि म्हणेल, ‘असे काही होणार नाही.’ त्याच्या हातानेच तारीख घाला आणि कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा.